शिफ्ट सुटायच्या वेळी

चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं, की या पट्ट्याचं वय कळतं. कंपन्यांच्या बसगाड्या, सुटे भाग वाहणारे टेम्पो आणि लांबलचक कंटेनर एकमेकांना खेटून उभे असतात. त्यांच्यामधल्या फटींतून दुचाक्या वाट काढतात. दुचाकीवर बहुतेक विशीतली मुलं. कुणी बीडहून आलेलं, कुणी नांदेडहून, कुणी थेट बिहारमधून. कुणाच्या खिशाला अजून आयटीआयचं ओळखपत्र लटकलेलं असतं, कुणाच्या अंगावर अप्रेंटिसचा शर्ट. आठ तास यंत्रापुढे उभं राहून ती निघालेली असतात आणि डोक्यात एकच गोष्ट असते : लवकर खोलीवर पोचायचं.

याच घाईत काही निर्णय होतात. हेल्मेट डोक्यावर की आरशाला? दुचाकीवर दोघे की तिघे? शनिवारी मित्रांबरोबर बसल्यावर गाडी कोण चालवणार? असा एकेक निर्णय दोन-तीन सेकंदांत उरकतो. त्या वेळी शिक्षक जवळ नसतात, आई-वडील नसतात, कंपनीचा सुरक्षा अधिकारीही नसतो. जवळ असतो तो बरोबरीचा मित्र. पुढच्या पानांचा विषय त्या मित्राशी जोडलेला आहे. महाविद्यालयांतले विद्यार्थी गट बनवतात, रस्त्यावर, वस्तीत, कारखान्याच्या फाटकाशी जातात आणि आपल्याच वयाच्या माणसांना धोका टाळायला सांगतात. या कामाची ताकद कशात आहे आणि ते कुठे फसतं, हे कार्यक्रमांच्या तपशिलात शिरण्याआधी समजून घ्यायला हवं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. म्हणजे दिवसाला साधारण ४६०. महाराष्ट्राचा वाटा पंधरा हजारांहून अधिक. देशभरातल्या मृतांत दर तिघांपैकी दोघे १८ ते ४५ या वयातले होते. हेल्मेट नसताना गेलेले ५०,०२९. हा शेवटचा आकडा जरा उलगडून पाहावा. त्यात ३५,६९२ जण गाडी चालवत होते आणि १४,३३७ जण मागे बसले होते. दर दहांत जवळजवळ तीन मागे बसलेले! मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट दोघांनाही बंधनकारक आहे. पण मागच्यासाठी दुसरं हेल्मेट बाळगण्याची सवय आपल्याकडे रुजलेली नाही. अपघातग्रस्तांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो, की हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. माहिती इतकी साधी, इतकी पक्की आहे. तरीही आरशाला लटकलेलं हेल्मेट घेऊन हजारो मुलं रोज मोशीपासून चाकणपर्यंत जातात. माहिती आणि कृती यांच्यातलं हे अंतर हेच विद्यार्थी गटांचं कार्यक्षेत्र.

हे गट आकाशातून पडलेले नाहीत. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तेव्हा ३७ विद्यापीठांतले सुमारे ४०,००० विद्यार्थी तिच्यात होते. आज ‘रासेयो’ म्हटलं की महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयातला एक फलक, एक कार्यक्रम अधिकारी, एक दत्तक गाव आणि सात दिवसांचं हिवाळी शिबिर डोळ्यांपुढे येतं. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास समाजासाठी द्यायचे, हा तिचा हिशेब. पुढे एड्स नियंत्रण संस्थांच्या पुढाकाराने महाविद्यालयांत रेड रिबन क्लब आले. लैंगिक आरोग्यावर आणि स्वेच्छा रक्तदानावर विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांशी मोकळेपणाने बोलावं, ही त्यामागची कल्पना. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या प्रेरणेतून ‘विवेक वाहिनी’ महाविद्यालयांत पोचली; अंधश्रद्धेबरोबर व्यसनांविषयीही मुलं चिकित्सेने बोलू लागली. अलीकडे पुण्याच्या क्विक हील फाउंडेशनच्या ‘सायबर शिक्षा फॉर सायबर सुरक्षा’ उपक्रमात महाविद्यालयीन मुलं ‘सायबर वॉरियर’ होऊन शाळाशाळांतून ऑनलाइन फसवणुकीबद्दल सांगतात. फसवणूक झाल्याबरोबर १९३० या क्रमांकावर फोन करायचा, ही गोष्ट कित्येक घरांत शाळकरी मुलांच्या तोंडून पोचते आहे.

गटांची नावं वेगळी, मूळ धागा मात्र एकच. सांगणारा आणि ऐकणारा यांच्या वयात अंतर नाही.

आणि सांगण्याची रीत? तीही या मातीत जुनी आहे. एकनाथांच्या भारुडांपासून राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकापर्यंत मराठी समाजाने शहाणपण ऐकलं ते बहुतेक वेळा गाण्यातून आणि सोंगातून. निळू फुलेंसारखा नट त्या कलापथकातूनच घडला. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ रंगमंचावर आणलं आणि ते नाटक गावोगाव, वस्त्यावस्त्यांत पोचलं. उत्तरेकडे सफदर हाश्मी आणि त्यांचे साथी कारखान्यांच्या वस्त्यांत पथनाट्यं करत. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळच्या झंडापूरमध्ये ‘हल्ला बोल’चा प्रयोग चालू असताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी हाश्मी गेले. ४ जानेवारीला त्यांच्या साथीदारांनी त्याच जागी येऊन तो प्रयोग पुरा केला. पथनाट्य म्हणजे महाविद्यालयीन स्नेहसंमेलनातली एक चीज, असं समजणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. कामगारांच्या वस्तीत गोल करून उभं राहण्याला मोठी परंपरा आहे, आणि पिंपरी-चिंचवडच्या मुलांच्या हातातली डफली त्याच परंपरेतून आली आहे.

शिवाय नाटक इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांना परकं नाही. महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ पासून चालवलेल्या पुरुषोत्तम करंडकासाठी दरवर्षी महाविद्यालयं महिनोन्‌महिने तालमी करतात. तालमीची ही शिस्त रस्त्यावरच्या पंधरा मिनिटांना लाभली, तर चौकातली गर्दी थांबते. न लाभली तर घोषणा ऐकू येतात आणि माणसं पुढे सरकतात.

आता ही सगळी धडपड ज्या भूमीवर चालते तिच्याकडे पाहू. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. मग भोसरीला औद्योगिक वसाहत, टेल्को, आकुर्डीला बजाज. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महापालिका. नव्वदीनंतर कारखानदारी इंद्रायणी ओलांडून चाकणकडे सरकली. २००९ च्या सुमारास मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगनचे प्रकल्प तिथे चालू झाले आणि निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांत शेतांच्या जागी भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. फिरंगोजी नरसाळ्याने १६६० मध्ये शायिस्ताखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवलेला चाकणचा संग्रामदुर्ग आज या वाहतुकीच्या गराड्यात उभा आहे. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता या दोन मार्गांवर एका जिल्ह्याची नव्हे, देशाच्या वाहन उद्योगाची मालवाहतूक चालते आणि त्याच रस्त्याच्या कडेने मुलं पायी कामाला जातात. गाड्या बनवणाऱ्या या पट्ट्यात रस्ता ओलांडणं हेच एक कौशल्य होऊन बसलं आहे.

इथल्या विद्यार्थी गटापुढे प्रेक्षक म्हणून जो उभा राहतो, तो गावातला कायमचा रहिवासी नसतो. तो अकरा महिन्यांच्या करारावर आलेला असतो, पुढच्या वर्षी कदाचित रांजणगावला असेल. त्याच्याशी नुसत्या पुणेरी मराठीत बोलून भागत नाही. मराठवाडी, वऱ्हाडी, अहिराणी, हिंदी, भोजपुरी यांतलं जे कानाला लागेल ते घ्यावं लागतं. आणि ते घेणारा मुलगा वर्गातच बसलेला असतो, हे या पट्ट्याचं भाग्य. सकाळी महाविद्यालय आणि दुपारी दुसरी शिफ्ट करणारे विद्यार्थी इथे पुष्कळ आहेत. वर्ग आणि कारखाना या दोन्हींत पाय असलेला हा मुलगा गटाचा खरा दुभाषा. त्याला भूमिका द्या, संहिता त्याच्याकडून ऐका. मग संवाद लिहायला फार शोधावे लागत नाहीत.

परदेशांतल्या दोन कथा इथे उपयोगी पडतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेलँड गावच्या शाळेत १९८१ मध्ये, दोन विद्यार्थी गाडीच्या अपघातांत गेल्यानंतर, रॉबर्ट अनास्तस या शिक्षकाने मुलांना घेऊन दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध एक विद्यार्थी संघटना उभी केली. तिचं इंग्रजी आद्याक्षरी नाव ‘सॅड’. तिने एक साधा कागद घरोघर पोचवला. मुलाने वचन द्यायचं, की स्वतः प्यायलो असेन किंवा गाडी चालवणारा प्यायलेला असेल तर मी घरी फोन करीन. आई-वडिलांनी वचन द्यायचं, की कितीही वाजले तरी आम्ही न्यायला येऊ आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. बोलायचं ते सकाळी. १९९७ मध्ये संघटनेने नाव बदललं आणि दारूपलीकडच्या सर्वच घातक निर्णयांना आपल्या कामात घेतलं. दुसरी कथा १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या ‘डेअर’ची. गणवेशातला पोलीस शाळेत येऊन मुलांना अमली पदार्थांचे धोके शिकवायचा. कार्यक्रम देशभर पसरला, लोकप्रिय झाला, त्याच्यावर अमाप पैसा खर्च झाला. पुढे अनेक अभ्यासांनी तपासलं, तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यावर त्याचा टिकाऊ परिणाम आढळला नाही.

या दोन कथांतला फरक डोळ्यांत भरतो. ‘डेअर’मध्ये मुलांना धोका ऐकवला गेला. ‘सॅड’मध्ये त्या रात्री नेमकं काय करायचं याची सोय आधीच करून ठेवली गेली.

आपल्याकडेही हे शहाणपण आहे. ३१ डिसेंबरला महाराष्ट्रात ठिकठिकाणी कार्यकर्ते आणि विद्यार्थी ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणत चौकात मसाला दुधाची भांडी मांडतात. ‘पिऊ नका’ एवढंच सांगून ते निघून जात नाहीत. थंडीच्या रात्री हातात गरम पेला देतात. मित्रांबरोबर उभं राहून काहीतरी पिण्याची हौस तशीच राहते, पेल्यातला पदार्थ बदलतो. ज्याला दारू सुटत नाही त्याच्यासाठी पुण्यात १९८६ पासून अनिता आणि अनिल अवचटांनी उभारलेलं ‘मुक्तांगण’ आहे. ते नाव आणि तिथे जाण्याची वाट माहीत असणं, हेही गटाच्या झोळीत हवं.

याहून मोठं उदाहरण तर याच पट्ट्यातून वाहत जातं. तुकोबांची पालखी देहू सोडल्यावर आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. माउलींची आळंदीहून पुण्याकडे निघते. लाखो वारकऱ्यांच्या मुक्कामांवर उघड्यावरची घाण आणि तिच्यातून येणारे आजार हा जुना प्रश्न होता. ‘निर्मल वारी’त मुक्कामांच्या जागी फिरती शौचालयं उभी राहिली आणि पुणे विद्यापीठाच्या रासेयोची मुलं-मुली भल्या पहाटे उठून आजोबा-आजींना हात जोडून तिकडे वळवू लागली. नातवाच्या वयाचं पोर ‘माउली, इकडे या’ म्हणतं, तेव्हा त्याला नाही म्हणणं जड जातं. पण ही विनवणी फळाला आली, कारण तिच्या मागे दहा पावलांवर पाण्याने भरलेलं, स्वच्छ शौचालय उभं होतं. सांगणं आणि सोय एकाच जागी, एकाच वेळी भेटली. विद्यार्थ्यांच्या जनजागृतीचं मर्म शोधायचं, तर ते आकुर्डीच्या त्या पहाटेत सापडतं.

चाकणच्या खोलीवर राहणाऱ्या मुलासाठी ही सोय कोणती? वेलँडचा कागद इथे जसाच्या तसा चालणार नाही. आई-वडील लातूरला, रात्री अकराला न्यायला कोण येणार? इथे वचन खोलीवरच्या मित्रांनी एकमेकांना द्यायला हवं. ‘मी प्यायलो असेन तर चावी तुझ्याकडे. तू फोन केलास तर मी येईन, आणि शिव्या उद्या.’ चार खोल्यांच्या चाळीत बसून, नावं लिहून, फोन क्रमांक भिंतीला चिकटवून ही गोष्ट एका संध्याकाळी होते. तिला मंडप लागत नाही, पाहुणा लागत नाही. कायदा काय म्हणतो तेही तिथेच सांगता येतं : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दहा हजार म्हणजे अप्रेंटिसचा जवळजवळ महिन्याचा पगार. हा हिशेब कुणालाही समजतो.

अपघात पाहिल्यावर काय करायचं, हीसुद्धा एक निवडच आहे. ‘पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार?’ हे वाक्य या महामार्गावर कितीतरी वेळा कुणाच्या तरी जिवावर उठलं असेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या नियमांना कायद्याचं बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातच आलं. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्यावर साक्षीदार होण्याची किंवा नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आहे. पथनाट्यातला शेवटचा प्रसंग मृत्यूवरच का संपावा? तो एका मुलाने फोन काढून १०८ लावण्यावर संपू शकतो, आणि गर्दीतल्या कुणाला तरी बोलावून तोच प्रसंग पुन्हा करून घेता येतो. एकदा स्वतः केलेली कृती अंगात राहते.

आगीचंही तसंच आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणाऱ्या एका कारखान्यात भडका उडाला. पहिल्याच दिवशी सहा स्त्री-कामगारांचा बळी गेला आणि पुढच्या दिवसांत संख्या वाढत गेली. परवाने, साठा, तपासणी ही जबाबदारी मालकाची आणि शासनाची. आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवणं हे कायद्याने कारखाना चालवणाऱ्याचंच कर्तव्य आहे. विद्यार्थ्यांच्या जनजागृतीने ही जबाबदारी कामगाराच्या गळ्यात घालता कामा नये, आणि हे गटांनी स्वतःला पुनःपुन्हा बजावायला हवं. निवड करायला सांगायची तर निवडीला जागा असली पाहिजे. रात्री बस नसेल तर तिघे एका दुचाकीवर बसणार. दार कुलूपबंद असेल तर आगीचं ज्ञान काय कामाचं? म्हणून चांगला गट कामगाराला ‘बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठला?’ हा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारायला शिकवतो आणि त्याच गोष्टीसाठी महापालिकेच्या, औद्योगिक महामंडळाच्या, बससेवेच्या दारात अर्जही घेऊन जातो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले. चालवणारा अल्पवयीन होता. त्याला जामीन देताना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली आणि सारं राज्य हादरलं. एवढ्या मोठ्या गोष्टीला निबंध पुरे पडतो का, हा प्रश्न तेव्हा घराघरांत विचारला गेला. तोच प्रश्न रस्ता सुरक्षा महिन्यातल्या निबंध, घोषवाक्य आणि भित्तिपत्रक स्पर्धांना प्रेमाने पण नेमकेपणाने विचारायला हवा. फेरी निघते, फलक धरले जातात, छायाचित्र अहवालाला जोडलं जातं, तास भरतात. मुलं मनापासून आलेली असतात. कमी पडते ती आखणी. फेरी सकाळी दहाला निघते, त्या वेळी पहिली शिफ्ट आत असते आणि तिसरी झोपलेली. फाटकाबाहेर माणसं भेटतात ती शिफ्ट सुटताना. गटाचं वेळापत्रक कंपनीच्या भोंग्याशी जुळलं, तर निम्मं काम तिथेच झालं.

दुसरी अडचण दरवर्षीची. तिसऱ्या वर्षाची मुलं जूनमध्ये निघून जातात आणि त्यांच्याबरोबर ओळखी, चुका, शिकलेलं सगळं जातं. कुठल्या कंपनीचा सुरक्षा अधिकारी मदत करतो, कुठल्या वस्तीत कीर्तनानंतरची वेळ बरी, कुठला संवाद लोकांना टोचला, हे नव्या मुलांना कुणी सांगायचं? त्यासाठी गटाची एक वही हवी, आणि जुन्या मुलांनी नव्यांना ती समजावून देण्याचा एक दिवस.

पुढच्या पानांतली कार्यक्रमांची आखणी या वहीपासूनच सुरू होते. जानेवारीत रस्ता सुरक्षा महिना लागतो. त्याआधी डिसेंबरातल्या दोन मंगळवारी चार विद्यार्थ्यांनी आळंदी फाट्यावर दुसरी शिफ्ट सुटायच्या वेळी अर्धा तास उभं राहायचं. कुणाला अडवायचं नाही, काही सांगायचं नाही. फक्त मोजायचं. मग महिनाभर प्रयोग, खोल्यांवरच्या बैठका, वचनांचे कागद. फेब्रुवारीतल्या दोन मंगळवारी पुन्हा त्याच जागी, त्याच वेळी तीच मोजणी. वहीच्या पानावर वर तारीख, वेळ आणि फाट्याचं नाव. खाली दोन रकाने : चालवणारा आणि मागे बसलेला. प्रत्येक हेल्मेटला एक उभी रेघ, पाचवी आडवी.